पुढे पाच नट, मागे चार

आमच्या गाडीच्या पुढच्या चाकांना पाच नट होते आणि मागच्या चाकांना चार. पंक्चरवाले आधी चाकांकडे बघत आणि मग आमच्याकडे. पुढचं चाक मागे बसत नसे, मागचं पुढे बसत नसे, म्हणून कुठेही निघालो की दोन स्टेपन्या घ्याव्या लागत. एक डिकीत आणि दुसरी सीटच्या मागे. माझ्या माहेरच्यांनी वर्षानुवर्षं रबराचा वास येणारी द्राक्षं खाल्ली ती त्यामुळेच. तरी त्या पाच नटांबद्दल कुणी वाकडं बोललेलं मला आजही खपत नाही.

गाडी मुळात देवळालीच्या एका म्हाताऱ्या पारशी बाईंची. विलायती, दोनच सीटांची, वर कापडाचं छप्पर, आणि इतकी बुटकी की शेजारून बैलगाडी गेली तर बैलाचे गुडघे आपल्या तोंडासमोर. माझे यजमान नाशिकरोडला छापखान्यात मशीनवर होते. सुट्टीच्या दिवशी ते त्या बाईंची भिंतीवरची घड्याळं दुरुस्त करायला जात. बाई मुलीकडे कायमच्या राहायला निघाल्या तेव्हा शेडमध्ये ताडपत्रीखाली झाकलेली गाडी त्यांनी जवळजवळ देऊनच टाकली. अट एकच. "तुमी चालवा हां. शोभेला ठेवू नका."

ही सत्तरच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. आमच्या कॉलनीत तेव्हा स्कूटर आली तरी पेढे वाटत. अशात आमच्या दारात ही लाल खेळगाडी उभी राहिली. लोक हौसेनं बघायला आले, पोरं हॉर्न वाजवून गेली, आणि मग सुरू झालं, "आपल्यासारख्यांना कशाला हवेत असले शौक?" मला त्या 'आपल्यासारख्यां'चा फार राग यायचा. आपल्यासारखे म्हणजे नक्की कसे, असं विचारलं की माणसं पाण्याचा ग्लास मागत.

मी प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गावर होते. उंची बेताची, पाय त्याहून बेताचे. पण मला गाडी शिकायचीच होती, आणि त्याला कारण होतं. माझी आई नामपूरला एकटीच्या खोलीत राहायची. भाऊ त्याच गावात होता, पण ती कुणाचं ऐकून त्याच्या घरी जाणाऱ्यातली नव्हती. तिला भेटायचं तर सटाण्याला एसटी बदलायची, तिथे ताटकळायचं आणि पोचेपर्यंत निघायची वेळ व्हायची. यजमानांच्या पाळ्या आणि माझ्या शाळेच्या सुट्ट्या यांचं कधी जमलं नाही. म्हणून मला स्वतः, एकटीनं, मनात आलं की आईकडे जाता यायला हवं होतं.

यजमानांनी मला गंगापूर रोडला धरणाच्या बाजूला शिकवलं. शहर संपलं की तेव्हा तिथे मळे आणि मोकळा रस्ता. क्लच जमला, गिअर जमले, वळणं जमली. ब्रेक मात्र जमेना. त्या गाडीचे ब्रेक दाबायचे नसत, त्यांच्यावर उभं राहायचं असे. यजमान पहिलवान गड्यासारखे, त्यांच्या पायाला ती ऐके. मी सीटच्या कडेवर येऊन, स्टिअरिंग धरून, सगळा भार उजव्या पायावर टाकला तरी गाडी आपल्या विचारानं थांबायची. शेजारी बसलेल्या यजमानांचा पायही माझ्याबरोबर समोरची फळी दाबत असायचा. तिथला रंग उडाला होता.

आणि एकदा जेल रोडला, भर बाजारात, एक भाजीची हातगाडी आडवी आली. मी ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले. गाडी हळूहळू, अगदी सभ्यपणानं चालत गेली आणि हातगाडीला टेकली. भाजीवाल्यानं बॉनेटला दोन्ही हात लावून तिला म्हशीसारखं थोपवलं. कुणाला लागलं नाही, फक्त वांगी रस्ताभर झाली. ती मी आणि यजमानांनी वेचून दिली. भाजीवाला चांगला होता. "ताई, लय जड हाय का हो गाडी?" एवढंच म्हणाला.

त्या संध्याकाळी यजमान म्हणाले, "एकट्यालाच थांबवता येते अशी गाडी घरात नको. तुझ्या पायानं थांबली तर राहील, नाहीतर देऊन टाकू." गिऱ्हाईकही तयारच होतं. महामार्गावरच्या एका हॉटेलवाल्याला ती बागेत उभी करून आत फुलांच्या कुंड्या ठेवायच्या होत्या. वैशाखी पौर्णिमेला नामपूरला नव्या विहाराचं उद्घाटन होतं आणि आईनं बजावून बोलावलं होतं. तोवर ब्रेक सुधारले तर मी गाडी चालवत जायचं, नाहीतर एसटीनं जायचं आणि परतल्यावर हॉटेलवाल्याला कळवायचं, असं ठरलं. मला पारशी बाई आठवल्या आणि त्या कुंड्यांचा विचारही सहन होईना.

तोडगा निघाला तो भावाच्या परसातून. माझा हा थोरला भाऊ पूर्वी नामपूरच्या कांदा बाजारातून सटाण्यापर्यंत टॅक्सी चालवायचा. तीच आपल्याकडे सगळीकडे दिसणारी गोलमटोल, चार दारांची गाडी. इंजिन गेल्यापासून ती घरामागे पडून होती. यजमान म्हणाले, "तुझ्या भावाची गाडी बारा माणसं कोंबून उतारावर थांबायची. तिचे पुढचे ब्रेक आपल्या गाडीला बसवू. दोन्ही गाड्या मूळच्या एकाच विलायती घराण्यातल्या आहेत, गुण जुळतील." आमच्याकडे पत्रिका बघत नाहीत, पण त्या दिवशी मी म्हटलं, जुळोत बाई.

भावाला विचारायला गेलो तर तो आमच्या अहिराणीत म्हणाला, "लई जाय. आते तिन्हामा कोंबड्याच बठतस." कोंबड्या हुसकून, अंडी बाजूला ठेवून, दोघांनी टॅक्सीची पुढची चाकं उतरवली. आतले ब्रेकचे ड्रम आमच्या ड्रमपेक्षा चांगलेच मोठे होते. यजमानांनी मला तिथेच समजावून दिलं. आमच्या गाडीत पुढच्या एका चाकाला ब्रेकचा एकच सिलिंडर. तो ड्रमला आतून घासून थांबवणारे दोन्ही लायनर ढकलायचा, पण त्यातला एकच नीट काम करायचा. टॅक्सीत एका चाकाला दोन सिलिंडर, आणि ते असे बसवलेले की पुढे फिरणारा ड्रम दोन्ही लायनरना आपणच ओढून घ्यायचा. म्हणजे निम्मं काम चाकच करणार, पायाला थोडंच उरणार. मला हे फार आवडलं. आपण थोडं दाबायचं आणि पुढचं त्यानं समजून करायचं, हे घरात कुणी करत नाही.

लायनर आणि सिलिंडर ज्या लोखंडी प्लेटवर बसतात, त्या दोन प्लेटा दिसायला अगदी सारख्या. यजमानांनी माझ्या पर्समधला खडू मागून घेतला आणि खोलायच्या आधी एकीवर 'डा' आणि एकीवर 'उ' लिहिलं. सगळं पोत्यात बांधून आम्ही एसटीच्या टपावरून नाशिकला आणलं.

मग आमच्या दारात कारखाना सुरू झाला. टॅक्सीचं बेअरिंग आमच्या गाडीला सैल होत होतं, म्हणून सातपूरच्या एका लेथवाल्याकडून मधे बसवायला पोलादी बांगड्या करून घेतल्या. प्लेटांना नवी भोकं पाडली. टॅक्सीची पाच नटांची चाकं पुढे आली ती तेव्हाच. शेवटी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची होती. ते काम दोघांचं. यजमान गाडीखाली आडवे, मी सीटवर. "दाब. सोड. दाब. आता धरून ठेव." शाळेतून आले की माझा हाच गृहपाठ.

सगळं झालं तेव्हा पौर्णिमा अगदी तोंडावर आली होती. कॉलनीमागच्या मैदानात मी गाडी काढली, थोडा वेग घेतला आणि ब्रेक दाबला. गाडी थांबलीच नाही. म्हणजे थांबली, पण पूर्वीपेक्षाही लांब जाऊन, बाभळीच्या झुडपात नाक खुपसून. पुन्हा हवा काढली, पुन्हा तेच. स्वतः यजमान बसले, तर त्यांच्या पायालाही ती जुमानेना. मोठे ड्रम, चार सिलिंडर, नवे लायनर, आणि गाडी आधीपेक्षा वाईट. ते हात पुसत म्हणाले, "माझं काहीतरी चुकतंय, पण काय ते कळत नाही. जाऊ दे. कुंड्या तर कुंड्या." मला रडू फुटायच्या बेतात होतं आणि रडू यायला लागलं की मी चिडते. "तुम्ही बसा नुसते," मी म्हटलं, "मी लावते गाडी घरी."

बाभळीतून निघायला गाडी मागे घ्यावी लागणार होती. मी रिव्हर्स टाकला, जोरातच घेतली, आणि मागे कुंपण दिसलं म्हणून ब्रेकला पाय लावला. दाबला नाही, नुसता लावला. गाडी जागच्या जागी खिळली आणि आम्ही दोघंही मागे सीटवर आपटलो. यजमानांचा चष्मा एका कानावर लोंबत राहिला.

"काय केलंस?"

"काही नाही. ब्रेक लावला."

मी पुन्हा पुढे घेऊन बघितली. थांबेना. मागे घेतली. टक्कन थांबली. गाडी मागे जाताना शहाणी आणि पुढे जाताना वेडी. मी विचार करत बसले आणि मला एकदम तो खडू आठवला.

"अहो, त्या प्लेटांवर डावं-उजवं लिहिताना तुम्ही कुठे उभे होतात?"

"कुठे म्हणजे? गाडीसमोर. बॉनेटपाशी."

"तोंड कुठे?"

"गाडीकडे. मशीनकडे तोंड करूनच काम करतात ना."

त्यांच्या छापखान्यात तीच रीत होती. मशीनची डावी बाजू म्हणजे मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसाची डावी. सारा जन्म त्यांनी तसंच म्हटलं होतं. पण बसवताना ते ड्रायव्हरच्या सीटवरून हिशेब करत होते. आणि मी तर पहिलीची बाई. रोज पोरांसमोर उभी राहून 'डावा हात वर' म्हणताना स्वतःचा उजवा वर करायची, कारण पोरं माझ्याकडे बघून हात उचलतात. समोरासमोर उभं राहिलं की डावं-उजवं फिरतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? डावीची प्लेट उजवीकडे गेली होती. चाक मागे फिरताना दोन्ही लायनर ओढले जात होते, आणि पुढे जाताना दोन्ही ढकलले जात होते.

यजमान चष्मा नीट करून इतके हसले की बाभळीखालची शेळी उठून गेली. मीही हसले. किती दिवसांनी आम्ही एकत्र हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी प्लेटांची अदलाबदल झाली, पुन्हा दाब-सोड झालं, आणि आम्ही गंगापूर रोडला गेलो. मळे सुरू झाले तिथे मी वेग घेतला आणि ब्रेक दाबला. नुसत्या चवड्यानं. गाडी चारी पायांवर बसल्यासारखी थांबली. मी पुन्हा गेले, पुन्हा थांबवली. मग कारण नसताना आणखी एकदा. त्या वेळी मात्र मला रडू आलं आणि मी चिडले नाही. परत येताना यजमानांनी हॉटेलवाल्याला फोन करून सांगितलं की कुंड्यांसाठी दुसरी गाडी बघा.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आम्ही नामपूरला निघालो. यजमान पाळी संपवून थेट गाडीत बसले होते. पिंपळगावपर्यंत त्यांचा पाय सवयीनं फळी दाबतच होता. ट्रक आला की दाब, सायकल आली की दाब. सोग्रस फाट्यावरून आत वळलो, भावडबारीचा घाट चढलो आणि पलीकडे उतरायला लागलो, तर एका वळणावर रस्ताभर शेळ्या. मी ब्रेकवर पाय ठेवला. गाडी उतारावर अलगद, धक्कासुद्धा न देता उभी राहिली. शेजारून काही दाबल्याचं जाणवलं नाही म्हणून मी वळून बघितलं. यजमान मान टाकून झोपले होते. त्यांचे दोन्ही पाय सैल पडले होते.

शेळ्या हाकणारा म्हातारा गाडीजवळ आला, आत वाकून बघितलं आणि स्टिअरिंगवरच्या माझ्याकडे सपशेल दुर्लक्ष करून म्हणाला, "ड्रायव्हर झोपी गया का?"

"नही बाबा," मी म्हटलं, "ड्रायव्हर जागी शे."

त्यानं मग माझ्याकडे नीट बघितलं, काठीनं शेवटच्या शेळ्या बाजूला केल्या आणि वाट मोकळी करून दिली. आईच्या दारात गाडी उभी केली तेव्हाच यजमान जागे झाले.