राणी सज्ज्यातून काय म्हणाली

माझ्या आत्याला आमच्या इमारतीत सगळे भोंगा म्हणतात, अर्थात तिच्या पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. पंचवीस वर्षं मागाच्या कारखान्यात काढलेल्या बाईला हळू बोलता येत नाही, हे लोकांना सांगून सांगून मी थकले. तिने कानात सांगितलेली गोष्ट तिसऱ्या मजल्यावर ऐकू जाते. मला आवडलेल्या एका मुलाबद्दल तिने एकदा स्वयंपाकघरात माझ्या कानात मत दिलं, तेव्हा तो मुलगा बाहेरच्या खोलीतून चहा अर्धा टाकून उठून गेला. मत बरोबर होतं म्हणा, पण चहा तरी संपवू द्यायचा.

आवाजाचं असं, आणि तरीही आवाज न करता बोलण्यात तिचा हात धरणारा कुणी नाही. कारखान्यात एका छपराखाली चाळीस माग होते. धागा वाहून नेणारे धोटे इकडून तिकडे आपटत असायचे, शेजारच्याने बोंब मारली तरी ऐकू येत नसे. म्हणून तिथली माणसं नुसते ओठ हलवून बोलायची, आणि समोरचा ते वाचायचा. शेडच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला नवऱ्याची सगळी गाऱ्हाणी सांगायची, हात मागावर चालूच. खाजगी काही असलं तर तोंडाच्या कडेला तळहात उभा धरायचा, म्हणजे ज्याच्यासाठी आहे त्यालाच दिसायचं. हात न धरता बोललात, तर ते चाळीस मागांना सांगितल्यासारखं.

आत्याने लग्न केलं नाही, आणि बाबा गेल्यापासून आई आणि मी तिच्याकडेच राहतो. लहानपणापासून तिच्यासोबत राहून थोडेफार ओठ मलाही वाचता येतात. मी दाताच्या दवाखान्यात मदतनीस आहे, दिवसभर लोकांची तोंडंच बघते, पण ती उघडी असतात, त्यामुळे सराव होत नाही.

तर आमच्या घरी दर रविवारी संध्याकाळी सहाला दरबार भरायचा. म्हणजे राजघराण्याची ती मालिका लागायची. म्हातारा संशयी राजा, तरुण राणी, आणि एक उंचापुरा सेनापती, जो लढाईपेक्षा राणीच्या खिडकीखालीच जास्त दिसायचा. बघायला आम्ही पाचजण. आत्या आणि तिची वेताची खुर्ची. माझी आई, जिला प्रत्येक गोष्टीत प्रेम दिसतं. वरच्या मजल्यावरच्या बाई, आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेल्या, ज्यांना प्रत्येक गोष्टीत कारस्थान दिसतं. मी. आणि समोरच्या इमारतीतले मेस्त्री.

मेस्त्री आत्याच्याच कारखान्यात माग दुरुस्त करायचे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी त्यांच्या शर्टाच्या खिशात छोटा पाना असतो. आमच्या खिडकीची बिजागरी, नळ, आईच्या शिलाई मशीनचा पट्टा, सगळं त्यांनी न सांगता केलेलं. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी लांबच्या गावी. मागांनी आत्याचे आणि त्यांचे, दोघांचेही कान निम्मे खाल्ले आहेत, म्हणून आमचा टीव्ही पूर्ण आवाजात चालतो आणि तक्रार करायला आलेले शेजारी मालिका बघत बसून राहतात.

आत्याबरोबर मालिका बघणं हा एक छळ होता. राजा मरणाच्या दारात, आई पदराने डोळे टिपतेय, आणि आत्या मोठ्याने सांगणार, "तो मागचा दाढीवाला सरदार म्हणतोय, बूट चावतोय." किंवा, "त्या दासीला विचारतायत, आज जेवणाचा डबा कुणी आणला." बाई चिडायच्या. "आत्या, तुम्ही पुढे बघा हो! मागे कशाला बघता?" मेस्त्री मात्र गालात हसायचे, कारण त्यांनाही तेच दिसलेलं असायचं.

मग त्या पर्वाचा शेवटचा भाग आला. फौज निघालेली, नगारे वाजतायत, शिंगं फुंकतायत. सेनापती खाली अंगणात घोड्यावर. राणी सज्ज्यात येते, त्याच्याकडे बघून काहीतरी बोलते. नगाऱ्यांत एक अक्षर ऐकू येत नाही. सेनापती क्षणभर थांबतो, घोडा वळवतो आणि निघून जातो. संपलं. पुढचं दोन महिन्यांनी.

त्या दोन महिन्यांत आमच्या घरात जे झालं त्याला लढाई म्हणणंच बरं. आईचं म्हणणं, राणी म्हणाली, "जाऊ नका." बाईंचं म्हणणं, धाकटा राजपुत्र राजाचा नाही, हे गुपित तिने सांगितलं. आई म्हणाली, "इतकं मोठं गुपित कुणी सज्ज्यातून ओरडतं का?" बाई म्हणाल्या, "आणि प्रेम ओरडतं?" दोघी जिन्यात भेटल्या तरी तेच, भाजी आणायला गेल्या तरी तेच. भाजीवालीचंही मत घेतलं गेलं. तिचं म्हणणं, राणीने त्याला उसने दिलेले दागिने परत मागितले.

साहजिकच सगळ्यांनी आत्याकडे धाव घेतली. ओठ तर स्वच्छ दिसत होते. पण आत्या ताकास तूर लागू देईना. "वाऱ्याने ओढणी आडवी आली, मला नाही दिसलं," एवढंच. मी शेवटी एकदा तिला कपडे वाळत घालताना एकटीला गाठलं.

"तुला दिसलंय. खरं सांग."

आत्याने गच्चीवर कुणी नाही हे बघितलं आणि चक्क ओठांनीच सांगितलं. राणी म्हणाली होती, "अहो, पायाला चटके बसतायत, लवकर आटपा!"

मी हसून हसून खाली बसले. "मग सांगत का नाहीस त्यांना?"

"कशाला?" आत्या आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली. "दोन महिने पुरतंय त्यांना. आणि मेस्त्रींनाही दिसलंय. ते बोलले का? नाही ना?"

मेस्त्रींचं नाव घेतलं आणि तिचा चेहरा पडला. कारण त्याच आठवड्यात कळलं होतं की मेस्त्री मुलीकडे राहायला जाणार, कायमचे. नवा भाग ज्या रविवारी लागणार, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी. त्यांनी हे आमच्याकडे नळाचा वायसर बदलता बदलता सांगितलं, आणि आत्या म्हणाली, "बरं झालं, मुलीजवळ असावं माणसाने." मग ती तीन दिवस कुणावरही ओरडली नाही. आमच्या घरात याच्याइतकी काळजीची गोष्ट दुसरी नाही. मेस्त्रींनी जाऊ नये असं तिला वाटत होतं, हे मला दिसत होतं, आईला दिसत होतं, तिसऱ्या मजल्यावरही कळलं असावं. फक्त ते तिच्या तोंडून निघत नव्हतं.

नवा भाग लागायच्या आदल्या रविवारी आम्ही जुनाच शेवटचा भाग पुन्हा बघितला. आईने मेस्त्रींना विचारलं, "तुम्ही कधी काही बोलत नाही. तुम्हाला काय वाटतं, सेनापतीला राणीचं बोलणं कळलं असेल का?"

मेस्त्रींनी बशीत चहा ओतला. "नसेल कळलं. कळलं असतं, तर गेला नसता."

"किंवा कळलं आणि न कळल्याचं सोंग केलं," बाई म्हणाल्या. "राजाची सगळी माणसं बघत होती. भर अंगणात काय उत्तर देणार?"

"पण नंतर विचारायचं की एकटीला गाठून!" आई म्हणाली.

"विचारलं असेल," मेस्त्री म्हणाले. "आणि तिने, काही दिसलंच नव्हतं, असं सांगितलं असेल. मग माणूस दुसऱ्यांदा कसा विचारणार? तिला नकोच असेल, असं समजतो आणि घोडा वळवतो."

मी म्हणाले, "मेस्त्री, उलटं झालं. बोलली ती राणी होती, तो नाही."

मेस्त्री गडबडले. "हो, हो. तेच ते." बशी खाली ठेवून ते उठले, सामान बांधायचंय म्हणाले आणि गेले. आत्याच्या हातातली बिस्किटं तशीच हातात राहिली.

त्या संध्याकाळी कप विसळताना मी तिचा पिच्छाच पुरवला. आणि एकतीस वर्षं तिने पोटात ठेवलेलं बाहेर आलं.

तेव्हा मेस्त्रींचं लग्न झालेलं नव्हतं. एका दुपारी शेडच्या दुसऱ्या टोकाला, मागाखालून बाहेर येऊन, हातात पाना, तोंडावर काळं तेल, ते आत्याकडे बघून म्हणाले, "माझ्याशी लग्न कराल का?" आणि हात धरायला विसरले. तळहात तोंडाशी धरायला! तिथे नवखा पोरगाही जे विसरणार नाही ते हा माणूस विसरला. चाळीस मागांवरच्या सगळ्या माना आधी त्याच्याकडे आणि मग आत्याकडे वळल्या. आत्या मागावर वाकली आणि उभे धागे, म्हणजे ताणा, तुटल्याचं सोंग करून गाठी मारत बसली. तुटला एकही नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी फाटकाशी विचारलं, "काल मी काय म्हणालो, दिसलं का?" आत्या म्हणाली, "नाही. ताणा तुटला होता माझा."

"का गं असं?" मी जवळजवळ ओरडले.

"राग आला होता. सगळ्या शेडसमोर विचारतात का? मला वाटलं, परत विचारतील. नीट, तोंडाशी हात धरून विचारतील." ती कप पुसत राहिली, तो कप कधीचा कोरडा झाला होता. "मी वाट बघत होते. वर्षभराने त्यांच्या लग्नाचे पेढे आले."

"मग आता सांग."

"या वयात? आणि पुढच्या आठवड्यात चाललेल्या माणसाला? त्यांची पेटीसुद्धा गेली पुढे." इतका वेळ ती इतकं हळू बोलत होती, की बाहेरच्या खोलीतल्या आईला काहीच ऐकू गेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

रविवार आला. मेस्त्री नवीन शर्ट घालून आले, खिशात पाना होताच. जाताना खिडकीची कडी तेवढी घट्ट करून जातो म्हणाले. आत्या एक शब्द बोलली नाही. मला तिचा इतका राग आला की मी चहात साखर घालायला विसरले, आणि तो तसाच सगळे प्याले.

सहा वाजले. नगारे, शिंगं, अंगण, घोडा. राणी सज्ज्यात आली आणि या वेळी तिचा आवाज ऐकू आला. "राजपुत्राला सांभाळा. तो तुमच्या भरवशावर आहे." ओठांचा आणि या वाक्याचा काडीचा संबंध नव्हता, पण ते बघणार कोण?

बाई ताडकन उभ्या राहिल्या. "बघा! मी काय म्हणत होते? राजपुत्र!"

"यात कुठे आलं तो कुणाचा आहे ते?" आई गरजली. "भरवसा म्हणतेय ती! भरवसा म्हणजे प्रेमच!"

"भरवसा म्हणजे कारस्थान!"

दोघींनी घर डोक्यावर घेतलं. टीव्हीवर नगारे, खोलीत त्या दोघी, कुणाचं कुणाला ऐकू येईना. मी हसत आत्याकडे वळले आणि हसू तिथेच थांबलं. आत्या खोलीच्या त्या टोकाला मेस्त्रींकडे बघत होती. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. तोंडाशी आडोसा नाही, काही नाही. आणि तिचे ओठ हलले, ठसठशीत, कारखान्यातल्यासारखे.

"त्या दिवशी दिसलं होतं मला. ताणा तुटला नव्हता."

मेस्त्रींनी कप खाली ठेवला.  मग त्यांचे ओठ हलले. "आज सांगताय?"

"उद्या जाताय म्हणून. जाऊ नका."

 मला खोलीतून उठून जायला हवं होतं, हे कळत होतं, पण पाय उचलेनात. मेस्त्रींनी माझ्याकडे बघितलं, आई आणि बाईंकडे बघितलं, आणि उजवा हात उचलला. तळहात तोंडाच्या कडेला उभा धरला, अगदी नीट, आम्हा तिघींच्या बाजूने. त्याच्यामागे ते काहीतरी बोलले. मला बोटांवरचे तेलाचे जुने डाग तेवढे दिसले. आत्याला मात्र सगळं दिसलं. तिचे कान लाल झाले, डोळे वाहू लागले, आणि तिने दोनदा मान हलवली, होकाराची.

आईचं भांडण मध्येच थांबलं. "अगं बाई! ताई, रडताय का तुम्ही? राणीसाठी?"

"राणी गेली खड्ड्यात!" आत्या म्हणाली. तिचा भोंगा परत आला होता, टीव्ही, नगारे, सगळ्यांच्या वर. "मेस्त्री जात नाहीत! इथेच राहणार आहेत, माझ्याजवळ!"

 आणि मग तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडल्याचा आवाज आला, आणि वरून कुणीतरी ओरडलं, "ऐकलं हो आत्या! अभिनंदन!"