मिनिस्टरांनी शेवटी ठेवलेलं दार

अर्थशास्त्रात हयात घालवून आकड्यांवरच डूख धरून असलेला माणूस मी एकच पाहिला. आम्ही मुलं त्यांना मिनिस्टर म्हणायचो. कॅरिबियनमधल्या एका चिमुकल्या बेटाचे ते अर्थमंत्री होते. निवडणुकीत सपाटून हरल्यावर ते जर्मनीत कोलोनला आले. तरुणपणी इथल्याच विद्यापीठात शिकले होते, आता पाहुणे प्राध्यापक झाले. मी तेव्हा तिथे पीएचडी करत होते.

सेमिनारमध्ये कुणी तक्ता दाखवला की मिनिस्टर चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "आल्झो, तर मग, यातल्या एका माणसाचं नाव सांगा." जर्मन पोरं गांगरायची. मागच्या बाकावर आम्ही त्यांची नक्कल करून हसायचो, आणि मी त्यात पुढे असायचे. मग माझी पाळी आली. विषय होता साखर कारखाने. मी म्हटलं, "दत्तू कांबळे, पॅनमन. माझे वडील." पॅनमन म्हणजे पाक आटवून नेमकी साखर धरणारा माणूस, हे मला प्रत्येक ठिकाणी समजावून सांगावं लागायचं. मिनिस्टरांना सांगावं लागलं नाही. ते खाली बसले आणि म्हणाले, "माझा भाऊसुद्धा."

नंतर मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, त्यांचं सूप गार होऊन गेलं तरी ते बोलत राहिले. बेटावरचा शेवटचा साखर कारखाना बंद करण्याच्या कागदावर त्यांचीच सही होती. थोरला भाऊ तिथेच कामाला. मंत्रिमंडळातली गोष्ट बाहेर बोलायची नाही, म्हणून त्यालाही आधी सांगितलं नाही. त्याने ती रेडिओवर ऐकली. तेव्हापासून अबोला. "माझं गणित चुकलं असतं तर माफी मागणं सोपं होतं," मिनिस्टर म्हणाले. "ते आजही बरोबर आहे. हीच तर पंचाईत."

दर रविवारी दुपारी ते भावाच्या घरी फोन करायचे. एकदा मी समोरच होते. वहिनीने उचलला आणि नेहमीप्रमाणे सांगितलं, "ते अंगणात आहेत." मग हे तिला पावसापाण्याचं विचारत बसले. भल्याभल्यांना सभागृहात गप्प करणारा माणूस असा चाचरताना पाहून मला भरून आलं.

दोन वर्षांनी पक्षाने त्यांना निवडणुकीसाठी परत बोलावलं. मी म्हटलं, "सर, कशाला पुन्हा त्या भानगडीत पडता?"

ते हसले. "आमच्याकडे उमेदवाराने मतदारसंघातलं प्रत्येक दार वाजवायचं असतं. भाऊ माझ्याच मतदारसंघात राहतो. मत मागायला आलेल्याला तो हाकलून देणार नाही."

स्टेशनवर मी त्यांना सोडायला गेले. इतक्या खुशीत मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

ते निवडून आले, पंतप्रधानही झाले. मी अभिनंदनाची मेल पाठवली. उत्तर महिन्याने आलं. प्रचाराची यादी त्यांनी स्वतः शिस्तीत केली होती. ज्यांचं मत अजून ठरलेलं नाही ती घरं आधी, आपल्याला मत न देणारी सर्वांत शेवटी. त्या यादीचा मला अजून राग येतो. भावाचं घर त्यात शेवटच्या दिवशी होतं, आणि त्याच्या चार दिवस आधी भाऊ गेला. बातमी कळताच ते यादी टाकून धावत गेले.

"वहिनीने दार उघडलं," त्यांनी लिहिलं होतं. "म्हणाली, तुझी माणसं शेजारच्या गल्लीत फिरायला लागली, त्या दिवसापासून ते रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून दारापाशी बसायचे. आत चला म्हटलं की म्हणायचे, थांब, आज येईल तो."