मलावीला निघालेला नळवाला

माझे धाकटे दीर मिशनरी होऊन आफ्रिकेतल्या मलावी देशात सेवेला निघाले होते, आणि पासपोर्ट यायच्या आधीच मी त्यांना प्लंबर करून टाकलं.

मुद्दाम नाय केलं. मी घाबरट आहे. आठवीत शाळा सुटली, मग लग्न झालं आणि नगरकडून थेट जयपुरात, झोटवाड्यात येऊन पडले, तेव्हा जी घाबरले ती अजून घाबरलेलीच आहे. कुकरची शिट्टी झाली तरी मी आधी पोरीला उचलते, मग गॅस बंद करते. नवरा प्रकाश पंख्याच्या कारखान्यात. सकाळी जाताना रोज दारातून ऐकवतो, "कोणी येऊन काही विचारलं तर आपल्याला काही माहीत नाय. समजलं?" (मागच्या गल्लीत एकीने फोनवर कुणाला तरी सगळं खरं खरं सांगितलं, तर तिचं बँकेतलं सगळं गेलं. तेव्हापासून हे सुरू.)

शमुवेल भावजींचं सगळं उलटं. ते कुणालाच घाबरत नाय. तिकडच्या मिशनच्या शाळेत शिकवायचं, रविवारी उपासना घ्यायची, यासाठी दोन वर्षं मागे लागून त्यांनी ती जागा मिळवली होती. पण महिनाअखेरपर्यंत पासपोर्ट हातात नसला तर त्यांच्या जागी दुसरा जाणार होता. आणि भावजी मात्र तयारी करत बसलेले. आधी गादी सोडली, मग चहा सोडला, मग खोटं बोलणं सोडलं. गादीचं आणि चहाचं ठीक होतं. खोटं बोलणं सोडल्यावर घरात फार त्रास व्हायला लागला. सासूबाईंनी विचारलं, "वांगं कसं झालंय रे?" तर म्हणाले, "खारट." सासूबाई रविवारपर्यंत बोलल्या नाहीत.

तर त्या दिवशी सासूबाई बाजारात, भावजी बाथरूममध्ये, त्यांचा फोन पोरीकडे आणि फोनवर मांजराचं गाणं चालू. दार वाजलं. उघडलं तर एक मिशीवाला माणूस, साधा शर्ट, काळा चष्मा.

"सैमुअल यहीं रहता है?"

मी दाराची कडी घट्ट धरली. म्हणलं, "कौन सैमुअल? इधर कोई सैमुअल नहीं रहता."

"पता तो यही है, मैडम."

"पता गलत है." (खाली दारावर नंबर एवढा मोठा रंगवलाय की मुख्य रस्त्यावरून दिसतो.)

"विदेश जा रहा है, सुना है."

त्याला हेसुद्धा माहीत! मला वाटलं, झालं, याच्याकडे आपली सगळी माहिती आहे, आता बँक जाणार. म्हणलं, "हमारे घर में से कोई विदेश नहीं जाता. हम तो राजा पार्क भी नहीं जाते." (राजा पार्क जयपुरातच आहे.)

तेवढ्यात बाथरूमचं दार उघडलं आणि भावजी बाहेर आले. हाफ पँट, बनियन, डोकं ओलं.

"यह कौन है?" मिशीवाला म्हणाला.

"नलवाला."

भावजींनी माझ्याकडे बघितलं. मी डोळे एवढे मोठे केले की पोरगी रडायला लागली. आता भावजींची पंचाईत अशी, की खोटं बोलायचं नाय आणि वहिनीला परक्या माणसासमोर खोटं पाडायचंही नाय. म्हणून ते गप्प राहिले. आणि गप्प राहिले म्हणून त्यांना परत आत जाऊन नळ पिळत बसावं लागलं.

"नलवाला नहाकर काम करता है?"

"नल का काम है भैया, सूखा कैसे रहेगा," मी म्हणलं. एवढं बरोबर हिंदी मी त्याआधी कधी बोलले नव्हते.

हे सगळं समोरच्या शर्मा आंटी त्यांच्या दारातून ऐकत होत्या. (त्या नव्यानेच राहायला आलेल्या, आमच्या घरात कोण कोण आहे ते त्यांना अजून धड माहीत नव्हतं.) त्या म्हणाल्या, "नलवाला आया है क्या? बहू, इधर भी भेज दे, हमारा तो होली से टपक रहा है."

मी भेजले. मतलब, दुसरं काय करणार होते? भावजी पान्हा घेऊन बनियनवर आंटींकडे गेले, मिशीवाला मान हलवत जिना उतरला, आणि मी कडी लावून देवाचे आभार मानले.

तासाभराने भावजी परत आले. "वहिनी, तो माणूस कोण होता?"

"गुंड होता कोणी. तुमचं नाव विचारत होता."

भावजी खाली बसले. "वहिनी, पासपोर्टसाठी पोलीस घरी चौकशीला येणार होते. मी दादाला सांगितलं होतं, तुला सांग म्हणून."

त्यांच्या दादाने मला एवढंच सांगितलं होतं, की आपल्याला काही माहीत नाय.

सासूबाई पिशवी खाली न ठेवताच म्हणाल्या, "अगं, लोक मिशनऱ्याच्या जाण्यासाठी उपास करतात. तू त्याला नळाला लावलंस."

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलीस ठाण्यात. मी, कडेवर पोरगी, भावजी, आणि शेजारची साक्ष लागते म्हणून शर्मा आंटी. मिशीवाला आज वर्दीत होता, त्यामुळे मी आणखीच घाबरले.

"आइए," तो म्हणाला. "कल सैमुअल नहीं रहता था. आज रहने लगा?"

"रहता है साब. पैले से रहता है."

"तो झूठ कल बोला था या आज बोल रही हैं?"

"कल."

"माताजी, आप जानती हैं इसको?"

"खूब जानती हूँ," आंटी म्हणाल्या. "बहुत भला लड़का है. ऐसा नल ठीक किया कि एक बूँद नहीं टपकती."

"मतलब प्लंबर है."

"प्लंबर ही है. इस बहू ने खुद बताया."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि भावजींकडे वळले. "तू बता. तेरी भाभी सच बोलती है?"

भावजी म्हणाले, "सर, मैं झूठ नहीं बोल सकता." मी डोळे मिटले. "डर जाती हैं तो कुछ भी बोल देती हैं."

"और अभी डरी हुई हैं?"

"जी. बहुत."

"तो अभी जो बोल रही हैं, वो?"

भावजींनी वर छताकडे बघितलं. मलावी तिथून हळूहळू निघून चाललेलं मला स्पष्ट दिसलं.

मग माझं तोंड जे सुटलं. म्हणलं, साब ये हमारा देवर है, दरवाजे के पास सोता है, गादी छोड़ दिया, नींद में भजन गाता है वो भी बेसूर, मेरी लड़की इसके बिना खाना नहीं खाती, शिळी भाकरी गूळ के साथ खाता है, मेरे हात का वरण पतला है बोलता है, मेरा मरद कभी नहीं बोला पर ये बोलता है, ये गया तो मैं दिनभर किससे मराठी बोलूँ, पर इसको जाना है साब, दो साल से जाना है, इसको भेजो.

ठाण्यात सगळे थांबले होते. चहावालासुद्धा.

"बस, बस," साहेब म्हणाले. "इतना तो मेरी घरवाली मेरे बारे में नहीं जानती." आणि भावजी आमच्याच घरी राहतात असं त्यांनी लिहून टाकलं.

(भावजी गेले. वेळेत गेले. पोचल्यावर फोन आला, की तिकडचं जेवण खारट नाहीये. सासूबाई परत बोलायच्या बंद झाल्या.)

पण ते पुढचं. त्या दिवशी आम्ही उठणार, तेवढ्यात साहेबांना आठवलं, की घरच्या माणसाची सही राहिली. त्यांनी माझ्या आधारची झेरॉक्स जवळ ओढली, चष्मा लावला आणि वर न बघता नेहमीच्या जाड आवाजात विचारलं, "मार्था कौन है?"

मी पोरीला घट्ट धरलं आणि म्हणलं, "वो इधर नहीं रहती, साब."