विहीणबाईंचं जळण

माणसाला धक्के बसण्याचे जेवढे म्हणून प्रकार आहेत, ते सगळे मला माझ्या एकट्या विहीणबाईंकडून मिळाले आहेत. मी मूळचा साताऱ्याकडचा, बोईसरच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळून निवृत्त झालेला. सहसा दचकणारा माणूस नव्हे. दचकणारा माणूस बॉयलरपाशी टिकतच नाही. पण मनोरच्या पुढे, सूर्या नदीच्या काठच्या एका गावात मुलगी दिली, आणि त्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हापासून जो दचकायला लागलो तो अजून सावरलेलो नाही.

त्या घरात गॅस होता. सिलिंडर होता, शेगडी होती, नळीही होती. पण सिलिंडरला खणाचा अभ्रा शिवलेला, शेगडीवर लोणच्याच्या बरण्या मांडलेल्या, आणि स्वयंपाक मात्र मागच्या पडवीत चुलीवर, सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी काढत चाललेला. मी बावळटासारखं विचारलं, "गॅस संपला वाटतं?" विहीणबाई म्हणाल्या, "संपंल कसा, याहीबुवा? लावलाच नाय कवा." का, तर म्हणे लाकूड जळताना तडतडतं, त्याला चार शब्द सुनावता येतात. ही शेगडी मुक्यानंच जळते, तिच्यापुढं बसून बोलायचं कोणाशी? आणि बाई चुलीशी खरोखर बोलायच्या. चांगल्या पेटलेल्या ओंडक्याला शाबासकी, ओल्या फाट्याला शिव्या. मी पहिला घास तोंडात घालतोय तोच पडवीतून आवाज आला, "ऊठ की रे आळश्या, पावना होऊन नुसता बसलाय!" मी ताटावरून उठून उभा राहिलो. माझ्या मुलीने पदरात तोंड लपवलं.

एकदा त्या आमच्याकडे बोईसरला राहायला आल्या. सकाळी गॅलरीत उभ्या राहून आजूबाजूच्या इमारतींकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि काळजीने म्हणाल्या, "इथं लोकं जेवतात कवा? एका घरातनं धूर नाय." मग लांब आमच्या कारखान्याचं धुराडं दिसलं तेव्हा त्यांना जरा धीर आला. "एवढी मोठी चूल! काय शिजवतात तिथं?" मी म्हटलं, "कापडाचे रंग." त्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने निवृत्तीच्या समारंभातला माझा सगळा अभिमान उतरला. दुसऱ्याच दिवशी त्या गावी गेल्या. आमच्या घरातलं अन्न शिजलेलं वाटत नाही, असं मुलीजवळ म्हणाल्या.

पण खरा धक्का पुरातला. त्या श्रावणात मी तिकडे असताना नदी फुगली. रस्ता बंद, वीज गेलेली. मला वाटलं, आता दारं लावून बसायचं. तेवढ्यात विहीणबाई कासोटा घालून, हातात बांबूला बांधलेली लोखंडी आकडी घेऊन, कमरेला दोर आवळत निघाल्या. "कुठे?" "जळण आणायला." डोंगरातनं उन्मळून आलेली झाडं पुरातून ओढून काढायची आणि वर्षभर जाळायची, ही तिथल्या बायकांची जुनी रीत. "पुरात तुमच्या सिलिंडरची गाडी येत नाय," त्या मला जाता जाता म्हणाल्या, "लाकूड मात्र न बोलावता येतं." बाकीच्या बायका काठावर उभ्या राहून आकड्या टाकत होत्या. आमच्या विहीणबाई थेट पाण्यात. दोराचं दुसरं टोक जावयाच्या हातात. "आप्पा, तुम्हीपण धरा," तो म्हणाला, जणू गादीची एक बाजू उचलायची होती.

मी धरला. छातीएवढ्या गढूळ पाण्यात साठी उलटलेली ती किडकिडीत बाई, आणि समोरून फिरत येणारा सागाचा अख्खा बुंधा! मी ओरडलो, "सोडा, जाऊ द्या तो!" त्यांनी आकडी मारली. दोर कचकन तुटला आणि आम्ही दोघं चिखलात उताणे पडलो. उठून पाहतो तर बाई नाहीत. नुसतं पाणी. इतका वेळ शांत असलेला जावई "आये!" म्हणून ओरडला. आम्ही काठाने धावत सुटलो. वळणावर करंजाच्या फांद्यांत तो बुंधा अडकला होता, आणि त्यावर घोड्यावर बसावं तशा विहीणबाई. नखशिखान्त भिजलेल्या, संतापलेल्या. "आकडी गेली माझी!" मी तिथेच बसलो. जावई रडत होता. "रडतो काय? वढ आदी, लाकूड सुटंल."

पुढे नातू झाला. काही महिन्यांतच त्याचा खोकला हटेना, छातीत घरघर. मनोरच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरातला धूर बंद करा. मुलीने फोनवर मला हे सांगितलं आणि पुढे म्हणाली, "पण आत्याबाईंना सांगणार कोण?" जावई धजेना, ती धजेना. शेवटी व्याह्याचा मान म्हणून ते काम माझ्यावर आलं. बोईसरहून निघालेल्या एसटीत मी वाक्यं घोकत होतो. "विहीणबाई, गैरसमज नसावा..." घरी पोचलो तर पडवीतून धप्‌ धप्‌ आवाज. विहीणबाई कुदळीने चूल फोडत होत्या. काळ्या मातीची ढेकळं सगळीकडे उडालेली.

"तुम्हाला... कोणी सांगितलं?"

"कोनी कशाला? डागदर बोलला तवा पोर माझ्याच मांडीवर होतं. ह्यांना वाटतं म्हातारीला आयकू येत नाय." त्यांनी हात झटकले. "बसा. च्या करते."

बरण्या खाली उतरवल्या. शेगडी पुसली. काडेपेटी घेतली, काडी ओढली, आणि ती विझेपर्यंत तशीच धरून राहिल्या. "तुमीच पेटवा याही," त्या हळूच म्हणाल्या. "मला भ्या वाटतं. फुटंल ते."

बुंध्यावर बसून पुरातून येणारी बाई दाराआड जाऊन उभी होती. मी हसलो नाही. काडी लावली; जाळ भप्पकन उठला तेव्हा त्यांनी पदर कानांवर धरला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी त्यांना तेवढंच शिकवत होतो: आधी काडी, मग चावी.

परवाच्या पावसाळ्यात पुन्हा पूर आला. मी आणि त्या काठावर उभे होतो, नातू त्यांच्या कडेवर. खालून बायका हाका मारत होत्या, "काकी, ये ना ग!" "नाय, पोर हाय माझ्याजवळ," त्या म्हणाल्या. एक जाडजूड ओंडका अगदी काठाजवळून, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून, हळूहळू गेला. त्यांचा एक हात बाळाच्या पाठीवरून जरासा सुटला, मग परत तिथेच टेकला. ओंडका वळणाआड जाईपर्यंत त्या बघत राहिल्या.

"ऐनाचा होता," त्या म्हणाल्या. "चांगला होता."