बत्तीसाहेबांचे बारा संगणक

"आधी हात खिशात!" बत्तीसाहेब माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हे. मी तेव्हा शाळेच्या संगणक कक्षात एका लोखंडी डब्याला यथेच्छ चापट्या मारत उभी होते. दारात सत्तरी ओलांडलेला एक काटकुळा माणूस, अंगात पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट, खाली खाकी हाफपँट. मी फणकाऱ्याने म्हटलं, "साडी नेसलेय मी. साडीला खिसा नसतो." ते जरा विचारात पडले. "मग पाठीमागे बांधा. मशीन अडलं की पहिली पाच मिनिटं त्याला हात लावायचा नाय. काय म्हणतंय ते नुसतं वाचायचं. मोठ्यानं वाचा बघू." मी मराठीची बाई. रोज वर्गभर पोरांकडून प्रकट वाचन करून घेणारी. मला असं कोणी दरडावून वाचायला लावेल असं वाटलं नव्हतं. पण वाचलं, रागारागानेच वाचलं.

आमची शाळा रत्नागिरीहून एसटीने पाऊण तासावर, खाडीच्या काठी. तिथला एक माजी विद्यार्थी मुंबईत जहाजांच्या एका कंपनीत आहे. कंपनीने बोटींवरचे जुने संगणक काढून टाकले, त्यांतले बारा याने शाळेसाठी मागून घेतले. वाशीला हापूस घेऊन गेलेला गावातला टेम्पो परत येताना ते बारा डबे पेंढ्यात घालून घेऊन आला. जाड पत्र्याचे, पंखा नसलेले, अंगावर पन्हळी असलेले विचित्र डबे. आत काही नाही, सगळं पुसून दिलेलं. मी एकदा तीन महिन्यांचा संगणकाचा कोर्स केला होता, एवढ्या गुन्ह्याबद्दल मुख्याध्यापकांनी ते माझ्या गळ्यात मारले. विकतची प्रणाली घेणं शक्यच नव्हतं, म्हणून माझ्या मावसभावाने पेन ड्राइव्हवर फुकटचं लिनक्स घालून दिलं. ते एकाही डब्यावर चालेना. रत्नागिरीतल्या दुरुस्तीवाल्याने डबा उलटासुलटा केला आणि "मॅडम, भंगारात द्या" म्हणून मोकळा झाला.

मुख्याध्यापकांनी मुदत घातली. गणपतीच्या सुट्टीआधी विस्तार अधिकारी तपासणीला येणार, तोवर संगणक चालले तर ठीक, नाहीतर डबे भंगारात आणि खोलीत खिचडीचा तांदूळ. मला तांदळाचा राग नाही. पण आमच्या पोरींनी संगणकाला पहिल्यांदा हात लावायचा तो थेट कॉलेजात गेल्यावर, हे मला सहन होईना. त्या खोलीसाठी मी हट्टाला पेटले होते, आणि येत तर काहीच नव्हतं.

अशा वेळी हे गृहस्थ आले. दत्ताराम मयेकर. उभी हयात मालवाहू बोटींवर इलेक्ट्रिशियन. बोटीवर इलेक्ट्रिशियनला बत्तीसाहेब म्हणतात, गावाने तेच नाव कायम केलं. आमचे शिपाई गुरवमामा त्यांच्या शेजारचे, त्यांच्याकडून कळलं की शाळेत बोटीवरचे संगणक आलेत, तसे हे बोलावणं न धाडता हजर. बोटीवर असल्यापासून त्यांना लिनक्सचा नाद होता. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "बाकीच्यांत इंजिनरूमला कुलूप असतं. ह्याच्यात दार उघडं. आत जा, काय ते बघ, हात काळे कर. कोण अडवत नाय." पेन ड्राइव्ह लावल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे संगणक सुरू होताना पडद्यावर येणारं सुंदर चित्र काढून टाकलं. त्याच्या मागे ढीगभर इंग्रजी ओळी धावताना दिसायला लागल्या. "बोलूंदे त्याला. तोंडावर पडदा टाकला तर दुखणं सांगणार कसं?"

तो डबा एकच ओळ सांगून थांबत होता. प्रोसेसरमध्ये अमुक एक सोय नाही, सबब पुढे जाता येत नाही. बत्तीसाहेबांनी खिशातून लांबट वही काढली, तारीख घातली, वेळ घातली आणि ती ओळ जशीच्या तशी उतरवून घेतली. बोटीवरची सवय. केलं ते लिहायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी एकदा घाईत दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन चालू झालं, तर हा माणूस खूश व्हायच्या ऐवजी माझ्यावर उखडला. "आता कशामुळं चाललं ता सांग! नाय ना सांगता येत? मग चाललं नाय ता. नुसतं गप बसलंय." आणि मला दोन्ही गोष्टी परत पहिल्यासारख्या करायला लावल्या. मी त्या दिवशी घरी जाताना त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एक डबा ते घरी घेऊन गेले. दोन बोटांनी टंकत, जगभरातल्या लिनक्सवाल्यांच्या चर्चा चाळत बसले. ब्राझीलमधल्या कुठल्याशा माणसाने त्यांना उत्तर दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या आधीच शाळेच्या फाटकात उभे, आणि चेहऱ्यावर असा आनंद की घरात नातवंड झालं असावं. "अगो बाई, हाय त्याच्यात! ती सोय हाय. ह्या जातीचा प्रोसेसर ती यादीत सांगत नाय फक्त." सुरुवातीच्या ओळीत एक शब्द घालून दामटायचं, 'नाही म्हणू नकोस, तुझ्यात आहे' असं, की गाडी पुढे जाते. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'अहो बाई'ची 'अगो बाई' झाले.

घरी तो डबा आठ दिवस न कुरकुरता चालला. मग आम्ही बाराही डब्यांवर लिनक्स चढवलं. शनिवारी दुपारी बाराच्या बारा पडदे उजळले तेव्हा मी मुख्याध्यापकांना हात धरून आणायचीच बाकी होते. सोमवारी सकाळी नऊ डबे मेले. पडद्यावर एकच पालुपद, डिस्क सापडत नाही. बत्तीसाहेबांनी दिवसभर खपून नऊही उभे केले. मंगळवारी सकाळी तेच नऊ परत आडवे.

हे चार दिवस चाललं. स्टाफरूममध्ये पैजा लागायला लागल्या. एका सरांनी तर तांदळाची पोती कुठल्या भिंतीला लावायची तेही ठरवून टाकलं. तपासणीला बारा दिवस उरले होते. बत्तीसाहेब दुपारी जेवायला घरी जाईनात, त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, घरून जेवण पाठवायच्या आणि ते तसंच परत जायचं. लिनक्सची एकेक फाईल त्यांनी पिंजून काढली. मी मात्र हरलेच होते. शुक्रवारी नुसतीच त्यांची वही पुढ्यात घेऊन बसले होते, उगीच, हाताला चाळा म्हणून. आणि वाचता वाचता लक्षात आलं की बिघाडाची प्रत्येक नोंद सकाळची आहे. पहिल्या तासाच्या आधीची. दिवसभरात एकही डबा एकदाही बिघडला नव्हता. म्हटलं, "काका, ह्यांना आपण दिवसा सांभाळतो. शाळा सुटल्यावर इथे काय होतं?"

बत्तीसाहेबांनी गुरवमामांना हाक मारली. मामा शांतपणे म्हणाले, "काय व्हायचंय? मेन पाडतो नि घरी जातो." पावसाळ्यात आमच्याकडे विजा अशा कडाडतात की कातळावरच्या उघड्या घरांतून लोक आभाळ भरलं की मेन स्विच पाडतात. एका साली शाळेचा टीव्ही जळला, तेव्हापासून मामा जूनपासून दसऱ्यापर्यंत रोज संध्याकाळी न चुकता अख्ख्या शाळेचा मेन पाडत आले होते. ते कोणाला सांगायची गोष्ट आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं, आणि आम्हाला विचारायचं सुचलं नव्हतं.

बत्तीसाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. संगणकाच्या पोटात घड्याळातल्यासारखा एक बारका गोल सेल असतो. वीज नसताना डब्याच्या स्वतःच्या सेटिंग तो जपून ठेवतो. नऊ डब्यांतले सेल कधीच मेलेले होते. मेन पडला की ते सगळं विसरायचे आणि सकाळी जुन्याच पद्धतीने डिस्क शोधत बसायचे. लिनक्स बिचारं जागच्या जागी धडधाकट होतं. बत्तीसाहेबांच्या घरी इन्व्हर्टर, त्यामुळे तिथे त्या डब्याची वीज आठ दिवसांत एकदाही गेली नव्हती. काकींना हे कळलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "जन्मभर बोटीवर बत्ती सांभाळलीत, नि शाळेत बत्तीच तेवढी बघायची राहिली होय!" ते हसले नाहीत. त्यांनी लाल पेन मागून घेतलं आणि वहीत लिहिलं, 'चूक माझी. घरी तपासलं, शाळेत तपासलं नाही. कारण बाईंनी शोधलं.' मी म्हटलं, "काका, हे कशाला लिहिता?" तर म्हणाले, "दुसऱ्याची चूक काळ्यानं लिहिली तरी चालते. आपली लाल हवी, म्हंजे पान उलटताना दिसते." मी आजवर पुष्कळ हुशार माणसं पाहिली. स्वतःची चूक लाल शाईने लिहिणारा हा एकच.

बाराही सेल बदलले. मामा मेन पाडत राहिले, डबे सकाळी उठत राहिले. तपासणीच्या दोन दिवस आधी बत्तीसाहेब आले ते चांगले बूट घालून. वही माझ्यापुढे ठेवली. शेवटच्या पानावर बाराही यंत्रांची हकिगत, कोणाची काय खोड, सगळं मांडलेलं. खाली लिहिलं होतं, 'चार्ज दिला' आणि त्यांची सही. शेजारी 'चार्ज घेतला' आणि पुढे मोकळी जागा. मला वाटलं गंमत आहे. सही केली आणि विचारलं, "परवा किती वाजता येताय?"

"मी नाय येणार."

माझा जो काही भडका उडाला! म्हटलं, महिनाभर इथे ठाण मांडून बसलात, आणि ऐन वेळी मला एकटीला टाकून जाताय? माझी नोकरी मराठीची, मला ह्यातलं काय कळतंय? ते म्हणाले, "बोटीवर बदली माणूस आला, चार्ज घेतला, की जुन्यानं ब्याग उचलून उतरायचं असतं. शिडीवर उभं राहून वर ओरडत बसणारे असतात काही. त्यांच्यामुळं नवा माणूस कधी शहाणा होत नाय. आणि समुद्रात दुकान नाय, बाई. अडलं तर जो बोटीवर हाय त्यानंच बघायचं." आणि गेले. तपासणीच्या दिवशी सकाळी फोन केला तर बंद.

विस्तार अधिकारी आले, पोरी रांगेने बसल्या, बाराही पडदे सुरू. मी मनात म्हटलं, सुटले. आणि लाईट गेली. दोन मिनिटांत परत आली, अकरा डबे उठले, सात नंबर काळा. तीच पहिल्या दिवसाची ओळ, प्रोसेसरमध्ये सोय नाही. अधिकारीसाहेब मागे येऊन उभे राहिले. मुख्याध्यापक घाम पुसत म्हणाले, "बाई, त्या मयेकरांना बोलवा." मी हात पाठीमागे बांधले. ओळ मोठ्याने वाचली. दोनदा. आणि लख्ख आठवलं की त्याच सकाळी चालू असलेल्या सात नंबरला मी लिनक्सची नवी आवृत्ती चढवली होती, तो बंद करून पुन्हा लावून पाहिला नव्हता आणि तो शब्द घालायचा राहिला होता. पुन्हा चालू केलं, सुरुवातीची ओळ उघडली, शब्द टंकला. ओळी धावायला लागल्या आणि पडदा उजळला. पोरींनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी विचारलं, "देखभालीला माणूस कोण ठेवलाय?" मी म्हटलं, "मीच." आयुष्यात इतक्या ताठ मानेने मी दुसरं कुठलंही उत्तर दिलेलं नाही. खोली राहिली. तांदूळ जिथे होता तिथेच आहे.

संध्याकाळी धावतच त्यांच्याकडे गेले. ते पडवीत सुकटीतला कचरा निवडत होते. "काका, बाराच्या बारा चालले!" "अकरा चालले असते तरी मी आलो नसतो," ते म्हणाले, आणि आत वळून काकींना हाक मारली, "अगो, बाईंना चहा ठेव. चांगल्या कपात."

गेल्या माघात बत्तीसाहेब गेले. झोपेतच, कोणाला त्रास न देता. बाराव्याला मी गेले तेव्हा त्यांचा मुंबईचा मुलगा पुढे आला, हात जोडून म्हणाला, "तुम्हीच शाळेतल्या बाई ना? बाबा फोनवर नेहमी तुमचं सांगायचे. ह्या वयात तुम्ही त्यांना संगणक शिकवलात, फार उपकार झाले."

महिनाभर रोज शाळेत काय करता म्हणून मुलाने विचारल्यावर हा माणूस सांगत होता, बाईंकडे शिकायला जातो. मी काकींकडे पाहिलं, त्यांनी होकारार्थी मान हलवली. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला शाळेत नेलं. तास चालू होता, बारा डब्यांवर चोवीस पोरी बसल्या होत्या. मी त्याला म्हटलं, "हे सगळं तुमच्या वडिलांनी उभं केलंय. मला यातलं ओ की ठो येत नव्हतं." त्याने चपला दाराबाहेर काढल्या आणि मग तो आत आला.