राजपुत्राच्या लग्नाची पत्रिका

२००६ च्या एप्रिलमध्ये आर्णीत छापलेल्या एका लग्नपत्रिकेच्या तळाशी ‘येताना आपले सैन्य सोबत आणावे’ हे वाक्य छापून गेलं. पत्रिका तीनशे होत्या. चूक लक्षात आली तेव्हा लग्नाला आठ दिवस उरले होते आणि निम्म्या पत्रिका नवऱ्याच्या गावी, उमरखेडला, वाटून झाल्या होत्या.

वाक्य मी टाइप केलं होतं. सुचलं होतं दुकानाच्या मालकांना.

दुकान बसस्टँडजवळ होतं. एक संगणक, एक झेरॉक्स मशीन आणि मागच्या खोलीत छपाईचं यंत्र. मालकांना गाव चाचा म्हणे, मीही म्हणे. कापसाला भाव नव्हता. लग्नं पुढे ढकलली जात होती, नाहीतर दोन्ही घरं मिळून एकच पत्रिका छापत होती. दुपारी बारा ते चार कोणी येत नसे आणि भारनियमनाच्या वेळापत्रकात वीज नेमकी तेव्हाच असे. त्या चार तासांत चाचा आणि मी साम्राज्य उभारत होतो.

खेळाची सीडी नागपूरहून आली होती. पडद्यावर मध्ययुगातल्या युरोपचा नकाशा येई, त्यावर शेकडो लहानमोठी राज्यं. त्यातलं एक घराणं आपण चालवायचं. राजा म्हातारा होतो, मरतो, मुलगा गादीवर बसतो. घराण्यात वारस उरला नाही की खेळ संपतो. आम्ही समुद्रकाठची एक जहागीर घेतली. प्रांतांची परदेशी नावं उच्चारता येत नव्हती, म्हणून चाचांनी त्यांचं बारसं केलं. शेजारचा प्रांत बाभुळगाव झाला, नदीपलीकडचा पुसद. एकदा झेरॉक्ससाठी आलेल्या एका गुरुजींनी आतून माझा आवाज ऐकला, “चाचा, पुसद गेलं. जाळलं सारं.” गुरुजींची मुलगी पुसदला दिलेली होती. ते कागद तिथेच टाकून टेलिफोन बूथकडे पळाले.

पहिल्या महिन्यात मी तीन लढाया केल्या आणि तिन्ही हरलो. चाचांनी माऊस काढून घेतला.

“लढाईनं राज नाई वाढत बेटा, सोयरिकीनं वाढते. लग्नाच्या पत्रिका छापून राह्यला तू अन् तुले एवढंही नाई समजत?”

त्यानंतर आमच्या राजाने तलवार उपसली नाही. चाचा स्थळं पाहू लागले. मुलीचा बाप किती थकला आहे, भाऊ किती आहेत, भावांची तब्येत कशी आहे, एवढंच ते पाहत. भाऊ ठणठणीत असला की स्थळ नापसंत. एका राजकन्येला एकच भाऊ होता आणि तो अंथरुणाला खिळलेला होता. “हे घर चांगलं हाय,” चाचा म्हणाले. चार लग्नांत आमच्याकडे अकरा प्रांत आले.

मार्चमध्ये आमच्या राजपुत्राचं लग्न बाभुळगावच्या राजकन्येशी ठरलं. तिच्या बापाला मुलगा नव्हता.

“एवढं मोठं राज घरात येऊन राह्यलं अन् पत्रिका नाई?” चाचा म्हणाले.

मी पत्रिका केली. गणपतीच्या जागी किल्ला टाकला. तळाची ओळ चाचांनी उभ्याउभ्या सांगितली. एक प्रत छापून भिंतीला लावली. फाईल संगणकात राहिली.

नव्या पत्रिकेसाठी आम्ही मागच्या पत्रिकेची फाईल उघडत असू, चित्र आणि नावं बदलत असू आणि छापत असू. राजपुत्रानंतरचं गिऱ्हाईक होतं आर्णीजवळच्या एका खेड्यातला शेतकरी. मुलीचं लग्न होतं, दोन्ही घरांची मिळून एकच पत्रिका. कच्ची प्रत त्याने तीन वेळा वाचली. थोरला काका वर आहे ना, मामांची ओळ वेगळी आहे ना, आत्याचे यजमान सुटले नाहीत ना. भांडणं तिथेच होतात, म्हणून सगळे तेवढंच वाचतात. तळाची ओळ त्याने वाचली नाही. मीही वाचली नाही.

आठ दिवस उरले असताना तो पत्रिका घेऊन दुकानात आला.

“चाचा, वाचा हे.”

चाचांनी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. “मजकूर तं चांगला हाय,” ते म्हणाले.

“चांगला? अवो, बैठकीत शंभर मानसाची बोली झाली माही. एक ट्रक, शंभर मानसं. तेवढ्याचंच रांधाची ताकद हाय औंदा. काल नवरदेवाकडून फोन आला. म्हने, दोन ट्रक सांगितले, तुमीच लिवलं ना. दारातून पंगत उपाशी उठली तं माह्या पोरीले जलमभर आयकाव लागंल.” मग तो माझ्याकडे वळला. “कोनाचं सैन्य होय रे हे?”

“खेळातलं.”

चाचांनी त्याला पडद्यासमोर बसवलं. त्याने नकाशा बराच वेळ पाहिला.

“हा राजा कोन?”

“आपला. पोराचं लगन झालं याच्या.”

“वऱ्हाड किती नेलं?”

खेळात लग्नाला वऱ्हाड नसतं. तसं मी सांगितलं.

“मंग काहून नाई वाढन राज,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चाचांनी दुकान बंद ठेवलं. आम्ही तिघं एसटीने उमरखेडला गेलो. नवऱ्याचे थोरले काका ओसरीवर बसले होते. चहा आला. पत्रिका पुढे आली. तळाच्या ओळीखाली लाल पेनाने दोन रेघा मारलेल्या होत्या. चाचांनी चूक कबूल केली.

“चूक कशी?” काका म्हणाले. “छापलेलं हाय. मह्या भावकीनं वाचलं, पिशव्या भरल्या. आता कोणाला सांगू, का तू सैन्यात नाहीस म्हणून?”

“कोनाले नका सांगू,” चाचा म्हणाले. “आना सारं सैन्य. पन सैन्याचा कायदा माहीत हाय ना तुमाले?”

“कोणता?”

“ज्यानं उभं केलं, त्यानं खाऊ घालाव. शेजारच्या राजानं मदतीले बोलावलं तरी शिधा आपलाच. दोन महिन्यापासून फौजा पोसून राह्यलो आमी.”

“हे कुठं लिहिलंय?”

चाचांनी पिशवीतून एक गठ्ठा काढला. आदल्या दुपारी मला न सांगता छापलेल्या पत्रिका होत्या. नावं तीच, तारीख तीच. तळाशी ओळ होती: ‘येताना आपले सैन्य व सैन्याचा शिधा सोबत आणावा.’

“पहिलीत अर्धं वाक्य सुटलं होतं,” चाचा म्हणाले. “ह्या फुकट. भावकीत वाटून टाका.”

काकांनी ओळ वाचली. ते हसले नाहीत. दारामागे उभ्या असलेल्या काकू हसल्या.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “दोन ट्रक सांगायला तुम्हीच गेल्ते ना? आता गिरणीत बी तुम्हीच जा.”

मुलीच्या बापाने तोवर चहाला हात लावला नव्हता. त्याने कप उचलला.

लग्नाच्या दिवशी उमरखेडहून दोन ट्रक आले. मुलीचा बाप मांडवाच्या तोंडाशी उभा राहून माणसं मोजत होता. पहिल्या ट्रकमधून शंभर उतरली. दुसऱ्यातून त्रेसष्ट माणसं, दोन पोती कणीक, एक पोतं तूरडाळ, तीन टोपल्या वांगी, तेलाचा डबा आणि एक आचारी उतरला. शेवटची पंगत चार वाजता उठली. उपाशी कोणी गेलं नाही. अर्धं पोतं डाळ उरली. ती काकूंनी परतीच्या ट्रकमध्ये चढवून घेतली.