माझा पाय आणि इतर गृहीतकं

मी जन्मले ती पायांकडून. यात माझं कर्तृत्व काही नाही. त्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं. पण आमच्या वाशिम जिल्ह्यात अशा माणसाला पायाळू म्हणतात, आणि पायाळू माणसाला जन्मतःच एक नोकरी लागते. कुणाला उसण भरली, म्हणजे पाठीत अशी चमक निघाली की श्वाससुद्धा घेववेना, तर पायाळू माणसानं त्याच्या पाठीला पाय लावायचा. उसण जाते, असं म्हणतात. या नोकरीला पगार नाही, रजा नाही आणि राजीनामा कुणी मंजूर करत नाही.

दुसरी नोकरी मी शिकून मिळवली. रिसोडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते, आणि गणिताची जागा कायम रिकामी असल्यामुळे गणितही. प्रत्येक क्रियेला तेवढीच उलट प्रतिक्रिया असते, असं मी वर्गात सांगते. म्हणजे मी कुणाच्या पाठीला पाय लावला, तर त्याची पाठही माझ्या पायाला तेवढ्याच जोरानं ढकलते. या सगळ्या व्यवहारात उसणीचा कुठे उल्लेख नाही. म्हणून एम.एस्सी. झाल्यापासून मी पाय लावणं बंद केलं. तत्त्व म्हणजे तत्त्व.

तत्त्व महाग पडतं. एका वर्षी आमच्या प्राचार्यांनी विज्ञान प्रदर्शनाचं उद्घाटन केलं, अंधश्रद्धेवर घाम फुटेपर्यंत भाषण दिलं आणि स्टेजवरून उतरताना त्यांना उसण भरली. ते तसेच कंबर धरून प्रयोगशाळेत आले, दार लोटलं आणि लंबक बाजूला सारून टेबलावर पालथे झोपले.

"मॅडम, हे आपल्यातच राहू द्या," ते टेबलाला म्हणाले.

"सर, आत्ताच तुम्ही भाषणात…"

"भाषण येगळं अन् पाठ येगळी."

मी नाही म्हटलं. पुढच्या वेळापत्रकात रोजचा शेवटचा तास माझ्या नावावर आला. त्या तासाला अर्धा वर्ग बस पकडायला गेलेला असतो आणि उरलेला झोपलेला असतो. मी त्या झोपलेल्यांना जडत्वाचा नियम शिकवत असे.

माझ्या पायाचे खरे अभ्यासक म्हणजे माझे बाबा. ते लाइनमन होते, सगळी नोकरी विजेच्या खांबांवर गेली. निवृत्त झाल्यापासून आई आणि ते आसेगावला राहतात. आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच आमच्या घरातले देव निघाले. भिंतीवर आता दोनच तसबिरी आहेत आणि त्या कुणाच्या, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. बाबा मुहूर्त बघत नाहीत. कुणाच्या अंगात आल्याचं कानावर आलं, तर चौकात जाऊन भांडतात. पण उसणीचा विषय निघाला की त्यांचा सूर बदलतो.

"उसन म्हंजे देव नाई, पोरी. हे शास्त्र हाये. आंगात करंट अडकते. तू पायाकडून आली, तुह्या पायात अर्थिंग हाये. पाय लागला का करंट सिदा जमिनीत."

"अन् माह्या पायात चप्पल असली त?"

"म्हनून त चप्पल काढून लावा लागते."

त्यांच्याकडे सगळ्याचं उत्तर असे. वीज कडाडू लागली की ते मला घरात कोंडत, कारण माझ्या पायातली अर्थिंग आभाळालाही माहीत होती. ज्या सिद्धांताकडे सगळ्याच प्रश्नांची उत्तरं असतात त्याच्यापासून चार हात लांब राहा, असं मी मुलांना सांगते. बाबांपासून लांब राहणं मात्र मला कधी जमलं नाही.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी कॉलेजला निघत होते आणि आईचा फोन आला.

"तुह्या बाबाले उसन भरली. तुले बलावून राह्यले."

"कुठी भरली?"

"डाव्या खांद्यात. जबड्यापर्यंत जाऊन राह्यली. अन् घाम लय येऊन राह्यला."

बाहेर चांगलीच थंडी होती. आईला म्हटलं, आधी ॲम्ब्युलन्सला फोन लाव. मागून बाबांचा आवाज आला, "घरात पायाळू असताना दवाखाना कायले?" मग त्यांनी बहुतेक तिच्या हातातून फोन काढून घेतला, कारण तो बंदच झाला.

ॲम्ब्युलन्सला मीच फोन लावला, तर ती दूरच्या गावाला गेलेली. मी स्टँडवरून भाड्याची गाडी केली आणि आसेगावला निघाले. दोन्ही बाजूंना तूर उभी होती, आणि मी त्या तुरीला हृदयविकाराची लक्षणं समजावून सांगत होते. कारण बाबांना काय सांगायचं ते सुचत नव्हतं. त्यांच्याशी वाद घालून मी आजवर एकदाही जिंकलेले नाही. रक्तवाहिन्या म्हटलं की ते वायरिंग म्हणणार, आणि वायरिंगमध्ये माझा टिकाव लागायचा नाही. मी पोहोचेपर्यंत ते असतील की नसतील, एवढाच विचार डोक्यात फिरत होता.

मग आदल्या दिवशीचा तास आठवला. दोनचं वर्गमूळ अपरिमेय असतं, हे सिद्ध करून दाखवलं होतं. त्याची रीत अशी की, जे खोटं पाडायचं तेच आधी खरं धरायचं. त्याला विरोध करायचा नाही. त्याचं बोट धरून अदबीनं चालत राहायचं, पुढे ते आपणहून तोंडावर पडतं. याला अप्रत्यक्ष सिद्धता म्हणतात. मुलांना ही रीत आवडत नाही, त्यांना ती लबाडी वाटते.

अंगणात माणसं जमली होती. बाबा खाटेवर बसले होते, चेहरा राखेसारखा, बनियन ओलं. शेजारच्या काकू त्यांच्या खांद्याला बाम चोळत होत्या. मला पाहून त्या म्हणाल्या, "सरका, आली पायाळू," आणि बाबा हसले.

मी त्यांच्यासमोर उभी राहिले. "बाबा, माहा पाय उसनीवर कधी हुकला काय?"

"कधीच नाई."

"माही त एका झटक्यात गेली होती," काकूंनी साक्ष दिली.

"मंग आज हुकला त?"

"हुकनारच नाई."

"धरून चाला का हुकला."

बाबांनी श्वास घेतला, तो अर्ध्यात अडकला. "मंग ते उसन नसन. दुसरं काई असन."

"दुसरं असलं त ह्या गाडीत बसून दवाखान्यात याचं. सगळ्यायसमोर सांगा."

त्यांनी गाडीकडे पाहिलं, जमलेल्या लोकांकडे पाहिलं. "बसतो," म्हणाले.

मी चप्पल काढली. बाबांनी पाठ केली. तत्त्व मोडतंय याचं मला त्या क्षणी काही वाटलं नाही. बापाला पाय लावायचा, हे भौतिकशास्त्रापेक्षा जड गेलं. ज्या पाठीवर बसून मी लहानपणी गाव पाहिलं होतं ती पायाखाली थरथरत होती. आणि मग मला एक वेगळीच भीती वाटली. माझा पाय चालला तर? इतकी वर्षं तो चालत नाही असं मी जगाला सांगत आले, आणि आता तो चालू नये म्हणून मनातल्या मनात हात जोडत होते. आमच्या घरात हात जोडण्यासाठी देव ठेवलेला नाही, त्यामुळे ती विनवणी नेमकी कुणाकडे गेली ते मला माहीत नाही.

"पडला ना फरक?" काकूंनी विचारलं. सगळे बाबांच्या तोंडाकडे पाहू लागले.

"थोडा पडला," बाबा म्हणाले.

अंगण सैल झालं. काकू आईला म्हणाल्या, "ठेव वो आता चहा." आई खरंच आत जायला वळली.

"थांब," मी म्हटलं. "बाबा, खांबावर चढाच्या आंधी लाइन बंद हाये का नाई ते तुमी पाहत होते ना?"

"त?"

"थोडी बंद हाये म्हनून कधी चढले काय?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"लाइन एक त चालू असते, नाई त बंद असते. मंधातलं काई नसते. तुमीच मले सांगत होते. आता सांगा, दुखनं चालू हाये का बंद?"

बाबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "चालू हाये," आणि पायानं चप्पल शोधायला लागले.

वाशिमला ईसीजीचा कागद पाहून डॉक्टर खुर्चीतून उठलेच. तिथून त्यांना अकोल्याला पाठवलं. तिथे बंद पडलेली नस उघडून तिच्यात स्टेंट बसवला. अजून थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून मनसोक्त रडले.

बाबा घरी आले आणि माझ्या डोक्यात हवा गेली. ही हकीकत मी वर्गात फळ्यावर मांडली: समजा ही उसण आहे, म्हणून पाय चालेल, पण पाय चालला नाही, म्हणून ही उसण नाही. खाली दोन रेघा मारल्या. स्टाफरूममध्ये सांगितली, तालुक्याच्या शिक्षक प्रशिक्षणात सांगितली, चहाच्या सुट्टीत पुन्हा सांगितली. तर्कशास्त्रानं माझा बाप वाचवला, असं मी छाती पुढे काढून म्हणत असे.

आसेगावनं यातून वेगळाच निष्कर्ष काढला. माझ्या पायाला आता हार्टचं दुखणं ओळखता येतं, असं ठरलं. रविवारी मी गावी गेले की छाती धरलेली माणसं अंगणात हजर. फरक पडला तर घरी जायचं, नाही पडला तर दवाखान्यात, असा नियमही त्यांनीच केला. माझी झोप उडाली. शेवटी मीही एक नियम केला: ईसीजीचा कागद दाखवल्याशिवाय पाय लावला जाणार नाही. तो नियम लोकांनी विनातक्रार मानला. एवढी माणसं कुणाच्याही भाषणानं मशीनपर्यंत गेली नसती. एके दिवशी आमचे प्राचार्यही प्रयोगशाळेत आले, नॉर्मलचा कागद टेबलावर ठेवला आणि पालथे झोपले. नियम म्हणजे नियम. आता माझा शेवटचा तास दुसऱ्या सरांकडे आहे.

परवा अंगणात बाबा तुरीच्या शेंगा सोलत बसले होते आणि मी एका पाहुण्याला तीच हकीकत रंगवून सांगत होते. बाबांनी मध्ये तोंड घातलं नाही. पाहुणा गेल्यावर म्हणाले, "पोरी, एक सांगू काय? त्या दिवशी तुहा पाय लागला ना, तवा मले खरंच बरं वाटलं होतं. लय बरं वाटलं होतं."

मला आधी नीट कळलंच नाही. "मंग चालू हाये काहून म्हटलं?"

"तुह्या तोंडाकडं पाह्यलं. इतकी भेलेली तुले मी कधी पाह्यली नव्हती. म्हटलं, होऊ दे पोरीच्या मनासारखं."

म्हणजे पाय चालला होता. म्हणजे बाबांच्या नियमानं ती उसणच होती, आणि अंगणात ठरल्याप्रमाणे त्यांनी घरी बसून काकूंचा चहा प्यायला हवा होता. जी मांडणी मी वर्गावर्गांत फळ्यावर लिहिली, तिची मधली ओळच खोटी होती. उत्तर बरोबर आणि रीत चूक, अशा पेपरात मी शून्य देते, तेही लाल पेनानं.

"बाबा," मी म्हटलं, "हे कोनाले सांगू नका. लोकं ईसीजी काढनं बंद करतीन."

"मी कायले सांगतो?" त्यांनी मूठभर शेंगा माझ्या पुढ्यात टाकल्या. "लाइन चालूच होती. सगळ्यायसमोर म्हटलं ना मी."